बडोद्याचा शिकारखाना

बडोद्याच्या रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस अलकापुरी आहे. कालिदासाच्या यक्षाची नगरी ती अलका. तिचे नाव शहराच्या एका वसाहतीस देण्याची कल्पना ज्या कोणास सुचली, तो मनुष्य रसिक असला पाहिजे. ह्या अलकापुरीतून जुन्या शहराकडे निघाले म्हणजे प्रथम रुळांखालचा बुटका भुयारी रस्ता लागतो. त्यास लोक गरनाळे म्हणतात आणि मोठा पाऊस झाला की ते हटकून तुंबते. ते ओलांडून स्थानकाच्या पुढे गेले की सयाजीबाग आणि बागेच्या अंगाने वाहणारी विश्वामित्री. ह्या नदीत मगरी राहतात. लाखोंच्या वस्तीच्या शहराच्या मध्यभागी मगरींनी अशी पिढ्यान् पिढ्या वस्ती करावी, ही गोष्ट हिंदुस्थानात अपूर्वच म्हटली पाहिजे. बाहेरगावच्या पाहुण्यास तिचे नवल वाटते, बडोदेकरास मात्र त्यात विशेष काही वाटत नाही.

परंतु दीडशे वर्षांपूर्वी ह्याच शहराच्या वेशीबाहेर जे वन्य जीवन होते, त्याच्यापुढे आजच्या मगरी म्हणजे ताटातले उरलेले चार घास होत. दक्षिणेस मकरपुऱ्याच्या माळावर काळविटांचे कळप चरत असत. पश्चिमेस महीच्या काठी डबक्याच्या रानात रानडुकरांचा सुळसुळाट होता. ह्या सर्व जनावरांची एका विशिष्ट अर्थाने काळजी वाहणारे एक खातेही संस्थानात होते. त्याचे नाव शिकारखाना. फीलखाना, पागा, जामदारखाना तसाच हा शिकारखाना. चित्ते आणि ससाणे, त्यांचे सांभाळणारे, हाकारे, माग काढणारे आणि राखीव रानांचे रखवालदार असा त्याचा पसारा असे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तो दरबारचा शिकारी मंडळींचा क्लबच होता. फरक इतकाच की, त्याचे सभासद निमंत्रणाने होत आणि वर्गणी रयत भरत असे.

ह्या शिकारखान्याचा सुवर्णकाळ म्हणजे खंडेराव महाराजांची कारकीर्द, १८५६ ते १८७०. खंडेराव हा शरीराने बळकट आणि मर्दानी खेळांचा विलक्षण शौकीन राजा. कुस्ती, हत्तींच्या झुंजी आणि साठमारी ह्यांवर त्याने मनसोक्त पैसा उधळला. साठमारी म्हणजे मदमस्त हत्ती आखाड्यात सोडावयाचा आणि हलक्या पावलांच्या माणसांनी त्यास डिवचून, चकवून, भिंतीतल्या अरुंद दारांतून निसटून खेळवावयाचे. बडोद्यातला तो आखाडा अगड ह्या नावाने प्रसिद्ध आहे. मकरपुऱ्यास खंडेरावाने १८७० मध्ये जो वाडा बांधला तोही मुख्यतः शिकारीच्या सोयीसाठी. काळविटांचे माळ जवळ, म्हणून वाडा तेथे. पुढे सयाजीराव महाराजांनी तो वाडा वाढविला, त्याभोवती इटालियन धर्तीची बाग उठविली. आणि अलीकडे तो हवाई दलाच्या प्रशिक्षणशाळेच्या उपयोगात आला. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात खंडेरावाचा पाहुणा होता. त्याने आपल्या प्रवासग्रंथात बडोद्याच्या झुंजींचे आणि चित्त्याच्या शिकारीचे सविस्तर वर्णन करून ठेवले, त्यामुळे युरोपातल्या वाचकांस बडोदे हे नाव जडजवाहिराइतकेच ह्या खेळांसाठी ठाऊक झाले. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज बडोद्यास आले तेव्हा गादीवर बारा वर्षांचे सयाजीराव होते. दत्तकविधान होऊन जेमतेम सहा महिने लोटले होते. त्या बालराजाच्या वतीने पाहुण्यांस जो पाहुणचार झाला त्यात हत्तींच्या झुंजी होत्या, आणि चित्ता सोडून केलेली काळविटाची शिकार होती.

ही चित्त्याची शिकार कशी होत असे, ते नीट समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढच्या सगळ्या कथेची किल्ली तिच्यात आहे.

चित्ता आणि बिबळ्या ह्यांत आजही पुष्कळांचा घोटाळा होतो. बिबळ्या जाड मानेचा, झाडावर चढणारा, रात्री दबा धरणारा. चित्ता उंच टांगांचा, सडपातळ, उघड्या माळावर दिवसा धावणारा. डोळ्यापासून ओठापर्यंत उतरलेली काळी रेघ ही त्याची खूण. स्वभावाने तो गरीब. माणसाळला म्हणजे बाजेवर चित्तेवानाशेजारी पडून राहतो. त्यास शिकारीस नेत ते बैलगाडीतून, डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून. गाडी मुद्दाम साधी शेतकऱ्याची असे. माळावरच्या काळविटांस गाडीची सवय असते, तिचे त्यांस भय वाटत नाही. गाडीवान कळपाभोवती वळणे घेत घेत शंभर-दोनशे यार्डांवर येऊन पोचला की टोपी काढावयाची, गळ्यातली दोरी सोडावयाची. चित्ता क्षणभर पाहतो, गाडीवरून उतरतो, सरपटत थोडे अंतर तोडतो आणि मग धाव घेतो. त्या धावेइतकी वेगवान धाव पृथ्वीवरच्या दुसऱ्या कोणत्याही चतुष्पादाची नाही. परंतु ती चार-पाचशे यार्डांपलीकडे टिकत नाही. तेवढ्यात काळवीट सापडले तर सापडले, नाही तर चित्ता रुसल्यासारखा बसून राहतो. सापडले तर चित्तेवान धावत जाऊन हरणाच्या नरडीचे रक्त लाकडी पळीत धरतो आणि ते चाटावयास देऊन चित्त्याच्या तोंडून शिकार सोडवून घेतो. पाहुणे टाळ्या वाजवितात. सारा खेळ मिनिटभराचा.

परंतु हा चित्ता यावयाचा कोठून? पाळलेल्या चित्त्यांची वीण होत नाही. अकबराच्या पदरी हजार चित्ते होते असे सांगतात. त्याच्या पुत्राने, जहांगीराने, पाळीव चित्तीणीस पिले झाल्याची एकच हकीकत मोठ्या आश्चर्याने नोंदविली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याची पिले जन्मल्याची नोंद मिळते ती थेट १९५६ ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. शिवाय रानातून पिल्लू धरून आणून उपयोग नाही. शिकार कशी करावी हे त्यास आईनेच शिकविले पाहिजे, ते माणसास शिकविता येत नाही. म्हणून पारधी मोठे, तयार चित्तेच धरीत. माळावर एखादे झाड असे असते की, चित्ते त्याच्या बुंध्यावर नखे घासावयास आणि आपली खूण सोडावयास वारंवार येतात. त्या झाडाभोवती जनावरांच्या तातीचे फास मांडून पारधी दूर दडून बसत. फासात पाय अडकला की धावून जाऊन चित्त्यावर घोंगडी टाकावयाची. सहा महिन्यांत तो माणसाळे. ह्याचा अर्थ उघड आहे. दरबाराच्या गाडीवर चढणारा प्रत्येक चित्ता म्हणजे रानातून वजा झालेला एक पुरता वाढलेला, विणीस योग्य असा प्राणी. हा हिशेब शेकडो वर्षे वजाबाकीचाच चालला. जमेची बाजू त्यास नव्हती. एकोणिसावे शतक सरता सरता गुजरातच्या माळांवरून चित्ता दिसेनासा झाला, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ज्या संस्थानिकांस हा खेळ चालू ठेवावयाचा होता त्यांस आगबोटीतून आफ्रिकेचे चित्ते आणवावे लागले. भावनगर आणि आपले कोल्हापूर ही त्यांतली दोन प्रमुख संस्थाने. भावनगरचे भावसिंहजी आणि कोल्हापूरचे शाहू महाराज हे एकमेकांचे स्नेही, आणि दोघेही ह्या खेळाचे दर्दी.

येथे एका शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. इंग्रजीत ज्यास ‘स्पोर्ट्समन’ म्हणत तो बहुधा बंदूकवाला शिकारी असे, चेंडूफळीवाला नव्हे. शिकार हा खेळ, आणि खेळ म्हटला की त्यास नियम आले. मादी मारू नये, विणीच्या हंगामात बंदूक उचलू नये, जखमी जनावर रानात सोडून येऊ नये, पाणवठ्यावर बसून मारू नये. आपल्या भाषेत ह्या धंद्यास ‘पारध’ म्हणतात, आणि कोशकार त्याचे मूळ ‘पापर्द्धि’ म्हणजे पापाची वृद्धी ह्या शब्दात दाखवितात. एकाच कृत्याकडे पाहण्याच्या ह्या दोन दृष्टी. गंमत अशी की, वन्य पशूंच्या रक्षणाचा पहिला कायदेशीर खटाटोप पाप मानणाऱ्यांनी केला नाही. तो खेळ मानणाऱ्यांनी केला. उटकमंडच्या शिकारी मंडळींनी १८७७ मध्ये निलगिरीच्या शिकारीच्या रक्षणासाठी एक संघ स्थापिला आणि दोनच वर्षांत मद्रास सरकारकडून त्यासाठी कायदा करून घेतला. त्या डोंगरांवर निलगिरी ताहर नावाची जी रानबकरी आज उरली आहे तिचे पुष्कळसे श्रेय त्या संघास द्यावे लागते.

मुंबईची गोष्ट मराठी वाचकास अधिक जिव्हाळ्याची वाटावी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आपापली निरीक्षणे सांगावी, मिळविलेले नमुने दाखवावे, एवढाच हेतु. आठांत सहा युरोपियन आणि दोन मराठी डॉक्टर: प्रार्थनासमाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग तर्खडकर, आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन राऊत. दुसरे वर्ष उजाडले तेव्हा फिप्सन नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दुकानात संस्थेस एक खोली दिली. दारूच्या दुकानात पोसलेले एवढे शास्त्रीय कार्य दुसरे क्वचितच असेल. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्याचे जुने अंक चाळले तर अर्धेअधिक लेख शिकाऱ्यांचेच दिसतात. कोणी किती इंचांच्या शिंगांचे काळवीट मारले, कोणास कोठे वाघाने चकविले, असे. परंतु बंदुकीच्या दस्त्यावर हनुवटी टेकून तासन् तास जनावर न्याहाळणाऱ्या ह्या माणसांच्याच नोंदींतून कोणते जनावर कोठे कमी होत आहे ह्याचा पहिला हिशेब तयार झाला. डॉ. सलीम अलींची कथा सर्वविदित आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखून घेण्यासाठी ते ह्या संस्थेच्या दारात गेले आणि पुढे जन्मभर तेथलेच झाले. त्यांचे नातलग अब्बास तय्यबजी हे बडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आणि पुढे १९५४-५५ मध्ये ह्याच नियतकालिकातून सलीम अलींचा गुजरातच्या पक्ष्यांवरील प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला.

शिकाऱ्याचे हे संरक्षण कोणत्या जनावरास लाभले आणि कोणत्यास लाभले नाही, हे पाहू गेल्यास बडोदे संस्थानाच्या सरहद्दीतच त्याचे उत्तर मिळते. काठेवाडात गायकवाडांचा अमरेली प्रांत होता. त्यातल्या धारी आणि कोडिनार ह्या भागांस लागून गीरचे अरण्य. त्याचा मोठा भाग जुनागढच्या नवाबाचा, काही भाग गायकवाडांचा. आफ्रिकेबाहेरचा सिंह अखेर ह्या एकाच अरण्यात शिल्लक राहिला. १९०० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढास आले तेव्हा त्यांच्यासाठी सिंहाच्या शिकारीचा बेत सिद्ध होता. सिंह नामशेष होत आले आहेत हे कळल्यावर कर्झनने तो नाकारला आणि नवाबास सिंह राखण्याचा सल्ला दिला. तो काळ छप्पन्नच्या दुष्काळाचा. गुरे मेली, हरणे मेली, सिंह गावांत शिरून माणसे व जनावरे मारू लागले. तरी नवाबांनी सिंहास अभय दिले. मात्र सिंहास संस्थानांच्या सरहद्दी कळत नव्हत्या. जुनागढच्या हद्दीत जपलेला सिंह शेजारच्या हद्दीत पाऊल टाकताच कोणाच्या तरी पाहुण्याचे लक्ष्य होत असे, आणि त्यावरून दरबारादरबारांत कुरबुरी चालत. एवढे असूनही सिंह जगला. १९३६ च्या गणतीत २८७ भरले, मध्यंतरी उतरले, १९६५ मध्ये गीर अभयारण्य झाले, आणि २०२५ च्या गणतीत ही संख्या ८९१ वर गेली.

सिंह जगला आणि चित्ता संपला, असे का व्हावे? दोघांचीही भूमी गुजरात, दोघांसही राजाश्रय. कारण असे दिसते की, सिंह ही शिकार होती. तो मारण्यात प्रतिष्ठा होती, म्हणून तो राखण्यातही प्रतिष्ठा होती. चित्ता हा शिकारखान्याचा नोकर होता. त्याचा खुराक, त्याची टोपी, त्याच्या चित्तेवानाचा पगार दरबारच्या हिशेबात चढे. रानातल्या चित्त्याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. रानात त्याची संख्या किती, हा प्रश्न कोणत्याही संघाने वा शिकारखान्याने वेळेवर विचारला नाही. घोड्यांची पैदास सरकारी देखरेखीखाली करणाऱ्या दरबारांनी चित्ता मात्र विहिरीच्या पाण्यासारखा गृहीत धरला. माळ नांगराखाली गेले, काळविटे घटली, ही कारणे आहेतच. परंतु तीच संकटे झेलून काळवीट स्वतः टिकले, चित्ता टिकला नाही.

आणि ह्या राखणीचा खर्च कोण सोशीत होता? राखीव रानाच्या कडेस ज्याचे शेत, तो कुणबी. डुकरे भुईमूग उकरीत, काळविटे कोवळी ज्वारी खात, आणि दरबारची जनावरे म्हणून त्यांच्यावर हात उगारण्याची सोय नसे. रात्र रात्र माळ्यावर बसून पत्र्याचे डबे वाजवावयाचे, एवढेच त्याच्या हाती. संस्थानी शिकारीच्या रम्य आठवणी सांगणाऱ्या ग्रंथांत ह्या जागरणास सहसा ओळही मिळत नाही. दुसरा खर्च पारध्याने सोसला. चित्ता कोणत्या झाडापाशी येईल हे ज्यास ठाऊक, हरणाच्या पावलावरून त्याचे वय सांगणारा, असा हा रानाचा पंडित. शिकारखाने त्याच्या विद्येवर चालत, आणि तरीही इंग्रजी अमलाच्या १८७१ च्या कायद्याने पुढे त्याच्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कोल्हापुरास शाहू महाराजांनी फासेपारध्यांस नोकऱ्या दिल्या, त्यांची हजेरी बंद केली. पण असा राजा एखादाच. १९५२ मध्ये तो शिक्का पुसला गेला खरा, तथापि वीस वर्षांनी वन्यजीवांचा नवा कायदा आला तेव्हा पारध्यास ठाऊक असलेला एकमेव धंदा पुन्हा गुन्हा ठरला. महाराजांस बंदूक भिंतीवर टांगता आली. पारध्याने आपला फास टाकून करावयाचे काय, ह्याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

स्वातंत्र्य आले त्याच वर्षी, १९४७ मध्ये, मध्य हिंदुस्थानातील कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात सापडलेले तीन चित्ते मारले. तिघेही नर, बहुधा एकाच विणीचे भाऊ. ही हकीकत मुंबईच्या त्या नियतकालिकाकडे मोठ्या अभिमानाने पाठविण्यात आली. संपादकांनी ती छापली, आणि तिच्याखाली इतकी जळजळीत टीप घातली की तसे कठोर शब्द त्या सभ्य नियतकालिकात क्वचितच आले असतील. हिंदुस्थानातल्या चित्त्याची ही शेवटची निर्विवाद नोंद. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे सरकारी रीतीने जाहीर झाले. शिकाऱ्यांच्या मासिकाने शिकाऱ्यास जाहीरपणे फटकारावे, ही घटना लहान दिसते. पण जुन्या क्लबात दोन तट पडल्याचे ते पहिले स्पष्ट चिन्ह होते.

त्यानंतरची वीस वर्षे जनावरांस फार वाईट गेली. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी रखवालदार गेले, त्यांच्याबरोबर राखीव रानांचा धाकही गेला. युद्धातून उरलेल्या जीपगाड्या स्वस्तात मिळू लागल्या. पिकांच्या रक्षणार्थ बंदुकांचे परवाने निघाले. जी काळविटे शतकभर राजांच्या चित्त्यांस पुरून उरली, ती जीप आणि झोतदिवा ह्यांपुढे दहा-पंधरा वर्षांत भुईसपाट झाली. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा कागदावर चांगला होता. परंतु रात्रीच्या माळावर तो वाचून दाखविणार कोण? बाहेरदेशीच्या धनिकांस वाघाची शिकार घडवून देणाऱ्या कंपन्याही ह्याच काळात जोरात चालल्या. १९६१ च्या जानेवारीत इंग्लंडच्या राणीचे पती फिलिप ह्यांनी राजस्थानात वाघ मारला आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीच्या ब्रिटिश शाखेचे अध्यक्षपदही स्वीकारले. त्या पिढीस ह्यात विसंगती दिसली नाही. ते जुन्या ‘स्पोर्ट्समन’ परंपरेतच बसत होते.

ह्याच परंपरेतून बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड पुढे आले. सयाजीरावांचे हे पणतू १९३० मध्ये जन्मले. बडोद्याच्या संघातून रणजी सामने खेळले, १९६३ ते १९६६ पर्यंत क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, लोकसभेत बडोद्याचे प्रतिनिधी होते, काही काळ गुजरातचे मंत्रीही. १९६९ च्या नोव्हेंबरात निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाची परिषद दिल्लीत भरली. त्याच सुमारास, २७ नोव्हेंबर रोजी, जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष म्हणून फत्तेसिंहराव निवडले गेले. शास्त्रीय बाजू सांभाळावयास सलीम अली आणि झफर फतेहअल्ली ह्यांसारखी माणसे होती. महाराजांकडून अपेक्षा निराळी होती. त्यांच्या शब्दाला देशभरच्या संस्थानी घराण्यांत, म्हणजेच जुन्या शिकाऱ्यांत, वजन होते. आणि शिकाऱ्यास ‘आता पुरे’ हे सांगण्याचा अधिकार शिकारखान्याच्या वारसाइतका दुसऱ्या कोणास असणार? १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणतीत देशभरात वाघ भरले अवघे १८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचा मसुदा तयार करण्यात पुढाकार होता तो मोरवीजवळच्या वांकानेर राजघराण्यातले सनदी अधिकारी रणजितसिंह ह्यांचा. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्येच बंद झाले होते. ज्या वर्गाची राजसत्ता आणि उत्पन्न दोन्ही गेली, त्याच वर्गातली काही माणसे आपल्या जुन्या करमणुकीवर बंदी घालण्यास हातभार लावीत होती. त्यांच्या मनात पश्चात्ताप किती आणि जुना अधिकार नव्या रूपाने राखण्याची हौस किती, हे तोलणे कठीण आहे. इतिहासास त्यांच्या कृतीचे फळ तेवढे मोजता येते. फत्तेसिंहराव १९८८ मध्ये वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९१ च्या दुरुस्तीने, परवान्याने करावयाची उरलीसुरली शिकारही बंद झाली.

जुन्या शिकारीच्या जागा पुष्कळ ठिकाणी तशाच अभयारण्यांत रूपांतरित झाल्या. कोल्हापूरचे दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांसाठी राखले गेले. भावनगरच्या चित्त्यांचे माळ १९७६ मध्ये वेळावदरचे काळवीट-उद्यान झाले. बडोद्याजवळ डभोईच्या बाजूस वढवाणा तलाव आहे. ओरसंग नदीवरच्या जोजव्याच्या बंधाऱ्याचे पाणी साठवून सयाजीरावांच्या राजवटीत, १९१० च्या सुमारास, तो शेतीसाठी बांधला गेला. हिवाळ्यात उत्तरेकडची बदके आणि हंस हजारोंनी तेथे उतरतात. २०२१ मध्ये ह्या तलावास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. मकरपुऱ्याचे मात्र तसे झाले नाही. वाडा राहिला; माळावर कारखाने उभे राहिले. काळवीट पाहावयाचे असेल तर आज बडोदेकरास वेळावदरास जावे लागते. आणि चित्ता पाहावयाचा असेल तर मध्य प्रदेशातील कुनोस, जेथे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते सोडण्यात आले. संस्थानिकांप्रमाणेच सरकारासही त्यासाठी आफ्रिकेकडेच जावे लागले, ही इतिहासाची एक वक्र पुनरुक्तीच म्हणावी.

राहिली विश्वामित्रीतली मगर. तिची कथा वरच्या कोणत्याच साच्यात बसत नाही. शिकारखान्याने तिला कधी राखले नाही. शिकाऱ्यांच्या संहितेत मगरीस विणीचा हंगाम नव्हता, मादी-नराचा भेद नव्हता. काठावर ऊन खात पडलेली दिसली की बंदूक झाडावयाची, एवढाच नियम. कातड्याच्या व्यापाराने उरलेले काम केले. १९७२ च्या कायद्याने तिला वाघ-सिंहांच्या पंक्तीस बसविले आणि १९७५ मध्ये तिच्यासाठी देशव्यापी प्रकल्प निघाला, तेव्हा कोठे ह्या प्राण्याची सरकारदरबारी विचारपूस झाली. विश्वामित्रीच्या काठची घळी, झुडुपे आणि शहराची सांडपाण्याने संथ झालेली धार ह्यांच्या आश्रयाने ती शहरात टिकली. नदीकाठच्या वस्तीतल्या बायका कपडे धुवावयास जातात, मुले गुरे पाण्यावर नेतात, आणि अधूनमधून एखादा माणूस परत येत नाही. पूर्वी डुकरांच्या रानाकडेच्या कुणब्याने जे सोसले तेच आता ह्या वस्तीच्या वाट्यास आले आहे. अलकापुरीच्या बंगल्यांपर्यंत ती झळ सहसा पोचत नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस मात्र विश्वामित्रीस मोठा पूर आला आणि शहराचे रस्ते पाण्याखाली गेले. मगरी गल्ल्यांतून, अंगणांतून फिरू लागल्या. कोठे फाटकापाशी, कोठे पत्र्याच्या छपरावर त्या पहुडलेल्या लोकांनी पाहिल्या. बडोद्यात अशा वेळी धावून जाणारी तरुण मंडळींची पथके आहेत. बंदूक त्यांच्यापाशी नसते. वनखात्याच्या माणसांबरोबर गुडघाभर पाण्यात उतरावयाचे, मगरीच्या डोळ्यांवर ओले पोते टाकावयाचे, जबड्यास दोरीचा फास घालावयाचा, तिला फळीवर बांधून टेम्पोत चढवावयाचे आणि पाणी ओसरले की पुन्हा नदीच्या काठी नेऊन सोडावयाचे. त्या दिवसांत ही पथके रात्रंदिवस हेच करीत होती.